पांढऱ्या दोऱ्याचं दही

लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याची वाटी समोर आली की माणसं ती उचलून तोंडाला लावतात. सर आधी शर्टाच्या खिशातून पिवळसर कागदाची पट्टी काढायचे, ती मठ्ठ्यात बुडवायचे, उजेडाकडे धरून रंग निरखायचे आणि मग शेजारच्याला सांगायचे, "चार पॉइंट दोन. प्या, हरकत नाही." तोवर शेजारच्याने वाटी पानाबाहेर ठेवलेली असायची. एका लग्नात तर ही पट्टी पाहून आमची सगळी रांग मठ्ठ्याला शिवली नाही. वाढपी घाबरून वधूपित्याला घेऊन आला. "सर, मठ्ठ्यात काय पडलंय व्हय?" त्याने हात जोडूनच विचारलं. "आंबटपणा," सर म्हणाले. त्या गृहस्थाने धाकट्या मुलीच्या लग्नाची पत्रिका सरांना दिली नाही. सरांच्या मते ती टपालात हरवली.

गंगावेशीत संध्याकाळी गवळी म्हशी आणून उभ्या करतात आणि समोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात. कोल्हापूरचा माणूस तो ग्लास उभ्याउभ्या रिकामा करतो आणि मिशी पुसतो. सर ग्लासात थर्मामीटर घालायचे. नंतर म्हशीने सकाळी काय खाल्लं याची चौकशी करायचे. गवळी एकदा वैतागून म्हणाला, "ओ सर, म्हशीला ताप न्हाय. तुमास्नी असंल तर बघा जावा." सरांनी ते वाक्यही डायरीत लिहून घेतलं. त्यांच्या डायरीत माहिती आणि अपमान एकाच शाईत असायचे.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात सरांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होतो. ही नोकरी मला अज्ञानाच्या जोरावर मिळाली. मुलाखतीत सरांनी विचारलं, "खाल्लेलं प्रथिन जातं कुठं?"

"रक्तात, सर."

"अख्खं?"

चंदगडच्या पावसातून एसटीने पाच तास भिजत आलो होतो. तेवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं, पण मी जोर देऊन म्हणालो, "अख्खंच्या अख्खं."

बाकीचे दोन परीक्षक खिडकीबाहेर बघायला लागले. सर मात्र खूश. "याला घ्या. याला काहीच येत नाही, म्हणजे चुकीचं शिकवलेलं खोडावं लागणार नाही."

सर मूळचे गडहिंग्लजच्याही पलीकडचे, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या गावचे. घरात अर्धं कानडी. त्यांना वाढवलं थोरल्या बहिणीने, तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. लग्न सरांनी केलं नाही, विषय निघाला की "वेळ कुठं होता" म्हणायचे. अक्का विधवा होऊन भावाकडे आली ती घराची मालकीण होऊनच. ती सरांना 'तम्मा' म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. सर आम्हा सगळ्यांना 'तम्मा' म्हणायचे. एकदा प्राचार्यांनाही म्हणाले.

या माणसाच्या डोक्यात तीस वर्षं एकच गोष्ट होती. ती ते कुणालाही, कुठेही, शक्यतो समोरचा जेवत असताना सांगायचे.

"आतडं म्हणजे काय, तम्मा? शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीचं गेट. दिवसभर माल आत येतोय. गेटवर वॉचमन. त्याला कामं दोन. चोराला धरायचं आणि गिऱ्हाइकाला सलाम ठोकायचा. आतड्याला सूज येते म्हणजे हा वॉचमन पिसाळतो. येईल त्याला काठी. चोराला, गिऱ्हाइकाला, मालकाच्या मेव्हण्याला. शेवटी गेटलाच बडवत बसतो. आता दुधातलं प्रथिन घे. लांबच लांब माळ. दह्यातले जंतू ती माळ तोडतात. पोटातले रस आणखी तोडतात. बरेचसे तुकडे नुसतं अन्न. पण त्यातला एखादा तुकडा असा असतो, जो वॉचमनच्या जवळ जाऊन कानात सांगतो, 'पावणं हाय, दंगा करू नगंस.'"

"आणि वॉचमन ऐकतो, सर?"

"मला वाटतं ऐकतो. पण मला काय वाटतं याला विज्ञानात चहाच्या कपाइतकी किंमत नाही. दाखवता आलं पाहिजे."

ते दाखवण्यासाठी आम्ही दह्याच्या निवळीचे थेंब कागदावर चढवायचो आणि वर एक रसायन फवारायचो. प्रथिनाचे तुकडे असतील तिथे जांभळे ठिपके उमटायचे. हे रसायन कातडीलाही सोडत नाही. हातमोजे घालायचं मी हमखास विसरायचो, त्यामुळे माझी बोटं कायम जांभळी. पहिल्या मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात पोह्यांच्या बशीवरची ती बोटं पाहून मुलीच्या मामाने विचारलं, "पावणं, निवडणुकीला शाई लावायला असता काय?" मी त्यांना प्रथिनांचे तुकडे समजावून सांगितले, गेट आणि वॉचमनसकट. पोहे कुणीच संपवले नाहीत. नकार दुसऱ्या दिवशी आला.

सर शिकवता शिकवता मध्येच खडू ठेवून निघून जायचे. पहिलं वर्षभर मला वाटायचं, मी फळ्यावर काढलेल्या आकृतीत काही चुकतंय. मी आकृत्या सुधारल्या. तरी ते जायचेच. मग एका दुपारी अक्काने सांगितलं. पिसाळलेला वॉचमन सरांच्याच पोटात होता. दहा-बारा वर्षांपासून आतड्याला सूज, मध्येच रक्त पडायचं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी ते आटोक्यात असायचं, पण गोळ्यांनी सरांचा चेहरा फुगला होता आणि हाडं दुखायची. गोळ्या सोडून पुन्हा भडका उडाला तर आतड्याचा तुकडा कापावा लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं.

"तुकड्यांचं वेड त्याला उगंच न्हाई," अक्का म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

तर असा हा माणूस एकदा म्हणाला, आता माणसांवर बघू.

दूध मिळालं उचगावकडच्या एका दूध संस्थेच्या चेअरमनांकडून. त्यांना विज्ञानाची आवड होती, विशेषतः दह्याच्या कपावर छापता येण्याजोग्या विज्ञानाची. "सर, तुमी निस्तं सांगा, 'आतड्याची सूज घालवा'. लाल अक्षरात छापतो. म्होरचं माझ्यावर सोडा." सर म्हणाले, आधी प्रयोग, मग अक्षरं.

पोटाच्या कायमच्या तक्रारी असलेली बारा माणसं आमच्याच गल्लीत मिळाली. कोल्हापुरात त्यासाठी लांब जावं लागत नाही. तेरावे सर स्वतः. "मी पण एक पोटच आहे," ते म्हणाले. असं करू नये, एवढं तर मलाही कळत होतं. मी तसं म्हटलं. सर म्हणाले, "परवानगी मी देतो की मला."

रोज तेरा मडकी जायची. लाल दोऱ्याच्या मडक्यात अक्काच्या विरजणाचं दही. हे विरजण तिच्या आईच्या घरून आलेलं, आणि आमच्या कागदावर सगळ्यात जास्त जांभळे ठिपके त्याचेच पडायचे. पांढऱ्या दोऱ्याच्या मडक्यात नुसतं दिसायला दही. उकळून निवलेल्या दुधात एक आंबट पूड घातली की ते जंतूंशिवायच गोठायचं. माळ तशीच, तुकडे नाहीत. दोऱ्यांचा अर्थ फक्त मला ठाऊक. तो अर्थ लिहिलेला कागद पाकिटात, पाकीट लाखेने बंद. कुणाला कोणता दोरा, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं.

"आणि ऐक," सर म्हणाले, "मी समोर मरायला टेकलो तरी माझा दोरा कुठला ते सांगायचं नाही. सांगितलंस की प्रयोग मेला."

आता माझा पराक्रम. पुडीचं दही फार नाजूक. सायकलवर दोन खड्डे लागले की त्याचं पाणी सुटायचं. पहिल्या दिवशी मी इमानदारीने चिठ्ठ्या टाकल्या आणि गल्लीच्या पार टोकाला पांढऱ्या दोऱ्याचं नुसतं पाणी पोचवलं. दुसऱ्या दिवशी मी विज्ञानात सुधारणा केली. जवळच्या घरांना पांढरा, लांबच्यांना लाल. सगळ्यात जवळचं घर सरांचं. त्याच्या लगतचं माझ्या घरमालकीणबाईंचं, जिथे मी भाड्याने राहायचो. त्यांना मी मावशी म्हणायचो. तर मावशींना पांढरा. सरांना पांढरा. नियती, दैव वगैरे काही नाही. माझ्या सायकलला पाठीमागे स्प्रिंग नव्हती, इतकंच.

तिसऱ्या आठवड्यात सरांचा चेहरा उतरायला लागला, म्हणजे सूज उतरून चेहरा पुन्हा लांबट दिसायला लागला. वर्गातून जाणं थांबलं. त्यांनी मला डायरी दाखवली. "दही किंचित कडवट," असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

"कडवट म्हणजे काय, तम्मा? प्रथिनाचे तुकडे कडू लागतात! अख्खी माळ कडू लागत नाही. तू सांगू नकोस, पण माझ्या जिभेला कळलंय माझा दोरा कुठला."

पुडीचं दही कडू कसं लागेल, हे मला कळेना. मडक्यात भरायच्या आधी मी ते चोरून चाखून बघितलं. आंबट होतं, बेचव होतं, कडू मुळीच नव्हतं.

तेवढ्यात टेबलाकडे लक्ष गेलं. जांभळ्या ठिपक्यांच्या कागदांवर वजन म्हणून सरांनी एक प्लॅस्टिकची डबी ठेवली होती. शंभर गोळ्यांची. हॉस्पिटलची.

"सर, या गोळ्या...?"

"सोडल्या. तीन आठवडे झाले." ते लहान मुलासारखे हसले. "म्हणून तर चेहरा उतरला. हाडं दुखत नाहीत. आणि पोट बघ, शांत! आता आणखी काय पुरावा पाहिजे?"

हा माणूस रोज आंबट पुडीचं दूध खातोय, त्याला औषध समजतोय, आणि खरं औषध कागद दाबायला वापरतोय. आज ना उद्या भडका उडणार. सांगावं तर प्रयोग मेला, आणि चिठ्ठ्यांची भानगड बाहेर आली की मीही मेलो. न सांगावं तर सर. एवढा साधा हिशेब, पण मी तो चार दिवस करत बसलो. माणसाचा जीव आणि स्वतःची अब्रू यांत मी चार दिवस अब्रूकडे झुकलेला होतो, हे लिहिताना आजही बोटं जांभळी पडल्यासारखी वाटतात.

पाचव्या दिवशी मावशींनी मला सकाळी दारातच अडवलं.

"मास्तर, ते पांढऱ्या दोऱ्याचं दही उद्यापासनं आणू नका. मांजर पण खाईना झालंय."

"मांजर? मावशी, ते तुम्ही खायचं होतं!"

"म्या? मेलेलं दही म्या खाऊ?"

"मेलेलं कशावरून?"

मावशींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की एम.एस्सी.ची डिग्री परत करावीशी वाटली. "विरजत न्हाई ते. पहिल्याच दिवशी चमचाभर दुधात लावलं. सकाळी बघतो तर दूध ते दूधच. लाल दोऱ्याचं लावलं तर खव्यावाणी दही. समद्या गल्लीला ठावं हाय की! आमी पांढरावाल्यांनी लालवाल्यांकडनं विरजण आणलं. आता घरोघरी तेच हाय. लई ग्वाड दही, माझी जळजळ थांबली बघा."

लाखेचं पाकीट माझ्या पेटीत कुलुपात होतं. त्याच्यातलं गुपित गल्लीतल्या बायकांनी एका रात्रीत, एका चमच्यात फोडलं होतं. चांगलं दही मिळालं की त्यातलं चमचाभर विरजणाला राखून ठेवायचं, हे आमच्याकडे पोरींना नाव सांगण्याआधी शिकवतात. ते आम्हा दोघा पुरुषांच्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळ्या गल्लीला निकाल माहीत होता. माहीत नव्हता तो विज्ञानाला.

पण मला त्या क्षणी एकच सुचलं. सगळ्या पांढऱ्यांनी उपाय शोधला, सरांना कोण सांगणार? तसाच धावत त्यांच्या घरी गेलो.

सर पंख्याखाली उकिडवे बसून जमिनीवरचे कागद गोळा करत होते. "वारं वाढलंय," म्हणाले. "सकाळपासून कागद उडतायत." डबी टेबलावर आडवी पडली होती.

मी श्वास न घेता सगळं ओकलो. सायकल, खड्डे, चिठ्ठ्या, मावशी, मांजर. शेवटी म्हणालो, "सर, तुमचा दोरा पांढरा आहे. तुम्ही पुडीचं दूध खाताय. आजच्या आज गोळ्या सुरू करा. पाया पडतो."

सरांनी हातातला जांभळ्या ठिपक्यांचा कागद उजेडाकडे धरला. मग एकदम हळू म्हणाले, "पण कडू लागतंय, तम्मा. कडू का लागतंय?"

स्वयंपाकघरातली लाटण्याची खटखट थांबली. अक्का पदराला हात पुसत दारात आली.

"गोळी हाय त्यात."

आम्ही दोघांनी मान वर केली.

"पुडीचं दही मी पहिल्याच दिवशी मोरीत वतलं. माझ्या घरात मेलेलं दही? मग माझंच दही त्या मडक्यात घालून पांढरा दोरा बांधत हुतो. आणि तू गोळ्या सोडलास त्या दिवसापासनं गोळी खलून घालतोय. डॉक्टरकडं जाऊन आलो मी. तोंड सुजवणारी एक वरची गोळी तेनीच कमी केली, म्हणून तोंड उतरलंय तुझं."

सरांनी डबी उचलून हलवली. तळाशी चार-पाच गोळ्या खुळखुळल्या. कागद का उडत होते ते तेव्हा कळलं.

"अक्का," सर डबी हातात धरूनच म्हणाले, "तीस वर्षं मी या दिवसाची वाट बघितली. मला बरं वाटलं ते दह्यानं की गोळीनं?"

"मला काय म्हाईत? दोन्हीनं असंल. न्हाईतर कशानंच नसंल. बरा हाईस न्हवं?"

"तसं नाही कळत, अक्का!"

"न्हाई कळत तर न्हाई कळत. आतडं हाय न्हवं जाग्यावर?"

सर रडतील असं मला वाटलं. ते हसले. इतके हसले की अक्काने पाणी आणून दिलं, आणि पाण्यात काही घातलंय का, म्हणून त्यांनी पट्टी बुडवून पाहिली.

चेअरमन अहवाल न्यायला स्वतः आले, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. गल्लीभर पोटं सुधारल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. तेराच्या तेरा! लाल अक्षरांचा नमुना त्यांनी खिशातच आणला होता. मीही, खरं सांगतो, सरांच्या कानाशी लागलो. म्हणालो, "सर, सगळे बरे झालेत हे तर खरं आहे ना? तेवढंच लिहू." बाकी काही नाही तरी माझी सायकल त्यात झाकली गेली असती.

सरांनी एका पानाचा अहवाल पुढे सरकवला. त्यातलं शेवटचं वाक्य मला अजून पाठ आहे. 'तेराही व्यक्तींनी एकच दही खाल्ले असल्याने तुलना शक्य नाही. या प्रयोगात नियंत्रण गट नव्हता, अक्का होती.'

चेअरमन दोनदा वाचून म्हणाले, "सर, निदान 'कदाचित' म्हणून छापू?"

"कदाचित हा शब्द सूज या शब्दाएवढा मोठा छापणार असाल तर छापा."

चेअरमनांनी पेढे ठेवले आणि ते दुसरा प्राध्यापक शोधायला गेले. तो त्यांना महिनाभरात मिळाला. त्याने कपाचं झाकणही उघडलं नाही म्हणतात, सही मात्र सुवाच्य केली.

"पुन्हा करू," सर मला म्हणाले. "नीट चिठ्ठ्या टाकून. यावेळी अक्काशिवाय."

"कर की," अक्का आतून म्हणाली. "विरजण कुणाचं घेणार?"

तो प्रयोग झाला नाही. मी दुसऱ्या नोकरीला लागलो, लग्न झालं, बोटं पांढरी झाली. दोन हजारनंतर कधीतरी सरांना भेटायला गेलो. सर निवृत्त, बारीक, पण ठणठणीत. आता एकाच पोटावर प्रयोग चालू असल्याचं त्यांनी उत्साहाने सांगितलं. काही आठवडे दह्यात गोळी, काही आठवडे त्याच चवीचं काडेचिराइताचं चिमूटभर चूर्ण. कोणत्या आठवड्यात काय, ते अक्का चिठ्ठी टाकून ठरवते आणि पाकिटात लिहून ठेवते.

"फरकच पडत नाही, तम्मा! गोळीचा आठवडा कुठला, मला ओळखता येत नाही. सगळे आठवडे सारखेच शांत!"

अक्का वाटी घेऊन आली. सर ठरल्याप्रमाणे उठून खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. अक्काने माझ्यासमोर गोळी खलून दह्यात ढवळली. मी ओट्याकडे जाऊन हळूच विचारलं, "आणि चूर्णाचा आठवडा?"

"कसलं चूर्ण? गोळीच घालतो. रोज."

"मग पाकिटात काय लिहिलंय?"

"काय लिव्हायचंय त्यात? मोकळंच हाय ते." तिने माझं मनगट धरलं. "त्याला सांगू नगंस हं."

सरांनी वळून दही खाल्लं. "किंचित कडवट," म्हणाले आणि डायरीत लिहिलं. कागदांवरच्या डबीखाली अक्काचं ते लाखेने बंद केलेलं पाकीट होतं. लाखेवर तीन वर्षांची धूळ होती, दर आठवड्याला उघडल्याची एकही खूण नव्हती.

"सर, पाकीट कधी उघडणार?" मी विचारलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. मग पाकीट उचलून पुन्हा डबीखाली नीट सरकवलं.

"घाई काय आहे?" ते म्हणाले.

मी काही बोललो नाही. त्यांच्या कुठल्याही प्रयोगात मी पाळलेला तो पहिला नियम.